खाणी सगळ्यांना हव्यात, पण शोधण्याचा खर्च कोण करणार?

२०२५ च्या उन्हाळ्यात चाकण-आकुर्डी पट्ट्यात जिकडेतिकडे मॅग्नेटचीच चर्चा होती. चीनने एप्रिलमध्ये सात रेअर अर्थ धातू आणि त्यांपासून बनणारी चुंबकं यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरमध्ये बसणारे छोटे छोटे तुकडे मिळेनासे झाले. हीच परिस्थिती राहिली तर ऑगस्टमध्ये आपल्या इलेक्ट्रिक गाड्यांचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं, असं बजाज ऑटोचे राजीव बजाज यांनी जुलैत जाहीरपणे सांगितलं. मग कारखान्याच्या कँटीनपासून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत सगळीकडे एकच सवाल: एवढा मोठा देश आपला, आपणच का नाही खणत?

चुंबकांपुरतं उत्तर सोपं आहे. रेअर अर्थ म्हणजे एकमेकांशी इतके सारखे वागणारे १७ धातू, की त्यांना वेगळं करणं हेच मोठं कौशल्य आहे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या हिशेबाने भारताकडे यांचा सुमारे ६९ लाख टनांचा साठा आहे, चीन आणि ब्राझीलच्या खालोखाल. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत तो आहे आणि कुठे आहे हे आपल्याला ठाऊकही आहे. कमी आहेत ते हे धातू वेगळे करणारे आणि त्यांची चुंबकं घडवणारे कारखाने.

तांबं, लिथियम, निकेल यांचं मात्र तसं नाही. तिथे गाडी पहिल्याच स्टेशनावर अडते: आधी सापडायला तर हवं. आणि सापडवण्यासाठी जग जो पैसा खर्च करतं, त्याचा ओघ भलत्याच दिशेला आहे. हा लेख त्याबद्दल.

शोध म्हणजे नेमकं काय करतात?

खनिज शोध (बातम्यांत याला अन्वेषण किंवा एक्सप्लोरेशन म्हणतात) म्हणजे खाण नव्हे. खाण निघेल की नाही हे ठरवण्याआधीचं सगळं काम म्हणजे शोध.

शेतात बोअर मारायची ठरली की काय होतं ते आठवा. आधी पाणाड्या येतो, हातावर नारळ उभा करून जागा दाखवतो. कोणी भूजलतज्ज्ञाला बोलावतं, तो मशीन लावतो. मग फुटाच्या दराने बोअर सुरू होते. दोनशे फुटांवर ओल लागली नाही तर मालकापुढे पेच: थांबायचं, की अजून शंभर फूट जायचं? पाणी लागो वा न लागो, गाडीवाल्याचे पैसे द्यावेच लागतात. खनिजाचा शोध हा असाच धंदा आहे. फरक इतकाच, की इथे एका जागेसाठी शेकडो बोअर घ्याव्या लागतात, काही किलोमीटरभर खोल जातात, आणि बहुतेक सगळ्या कोरड्या निघतात.

कामाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी नकाशे, विमानातून चुंबकीय मोजणी, ओढ्यांतल्या गाळाचे नमुने. काही संशयास्पद दिसलं तर थोड्या बोअर. त्यातून खरंच काही निघालं तर जवळजवळ बोअर घेऊन साठा मोजायचा. भारतात या पायऱ्यांना जी-४ ते जी-१ अशी नावं आहेत. जी-४ म्हणजे नुसती टेहळणी, जी-१ म्हणजे बारकाईने मोजलेला साठा. हा उतरता क्रम लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बोअरमधून काय निघतं हे पाहायला खाणीवर जायची गरज नाही. पुण्यात रिडेव्हलपमेंटच्या एखाद्या साइटवर सॉइल टेस्टिंग चालू असताना डोकावा. कडेला लांबट कप्प्यांची पेटी ठेवलेली असते आणि कप्प्यांत दोनेक इंच जाडीचे काळ्या दगडाचे गोल दांडे ओळीने मांडलेले असतात. मध्ये मध्ये खोली लिहिलेली असते. याला कोअर म्हणतात. वरचे तुकडे झिजलेले, पिवळट, हातात भुगा होणारे. खाली जाल तसा दगड घट्ट आणि निळसर काळा, अधूनमधून पांढऱ्या खनिजाने भरलेले बारीक खळगे. खनिज कंपन्या हाच कोअर उभा अर्धा चिरतात. एक अर्धा प्रयोगशाळेत जातो, दुसरा अर्धा पुरावा म्हणून जपून ठेवतात. दुसरा अर्धा का जपायचा, तेही पुढे येईल.

एकूण पैसा किती?

या खर्चाची सर्वांत जुनी आणि सर्वाधिक वापरली जाणारी मोजदाद एस अँड पी ग्लोबल ही संस्था दरवर्षी कंपन्यांच्या बजेटवरून करते. लोखंड, कोळसा, ॲल्युमिनियम, तेल आणि वायू तिच्यात धरलेले नाहीत. २०१२ साली हा आकडा २० अब्ज डॉलरच्या वर होता. तो आजवरचा उच्चांक. तिथून घसरण सुरू झाली आणि २०१६ मध्ये तो ७ अब्जांच्या आसपास आला. चार वर्षांत एक तृतीयांश! कोविडच्या २०२० मध्ये ८.३ अब्ज, पुढच्या वर्षी ११.२, आणि २०२२ मध्ये १३ अब्ज. त्यानंतर २०२३ मध्ये १२.८, २०२४ मध्ये १२.५ आणि २०२५ मध्ये साधारण तेवढाच.

साडेबारा अब्ज डॉलर म्हणजे एक लाख कोटी रुपयांहून थोडे जास्त. सगळ्या जगाने, लोखंड-ॲल्युमिनियम सोडून सगळ्या धातूंच्या शोधासाठी, वर्षभरात ठेवलेली रक्कम. मला तरी हा आकडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा फारच छोटा वाटला.

महागाई धरली तर तो आणखी आक्रसतो. २०१२ चे २० अब्ज म्हणजे आजच्या पैशात २७-२८ अब्ज. त्या हिशेबाने आज आपण तेव्हाच्या निम्म्यानेही शोधत नाही आहोत. आणि हे कधी? तर बॅटऱ्या, सौरऊर्जा, डेटा सेंटर यांच्यामुळे धातू कमी पडतील अशी ओरड जगभर चालू असताना.

त्यातला निम्मा सोन्यासाठी

खरा धक्का पुढे आहे. या रकमेतला साधारण निम्मा हिस्सा दरवर्षी सोन्याच्या शोधावर जातो. तांब्याचं बजेट ३ अब्जांच्या आसपास, म्हणजे एकूण रकमेच्या जेमतेम चौथा हिस्सा. बाकीचे सगळे धातू उरलेल्यात.

सोन्याचा उपयोग काय? दागिने, वळी, बिस्किटं आणि रिझर्व्ह बँकेसारख्या बँकांच्या तिजोऱ्या. कारखान्यात जातं ते थोडंसंच. उलट इलेक्ट्रिक कारमध्ये ८० किलोच्या आसपास तांबं लागतं, पेट्रोल कारच्या तिपटीहून जास्त. चार्जिंगच्या वायरी, ट्रान्सफॉर्मर, पवनचक्क्या, सगळीकडे तांबंच. तरीही पैसा सोन्याकडे का धावतो?

कारण पैसा घालणारा गरज पाहत नाही, घातलेला पैसा लवकर मोकळा कसा होईल ते पाहतो. सोन्याचा छोटा साठा सापडला तरी छोटी खाण काढून चालते. माल विकायला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही; सोनं कुठल्याही दिवशी, जगात कुठेही विकलं जातं. तांब्याचं गणित अवजड आहे. आजच्या खाणींमधल्या एक टन दगडातून पाच-सहा किलो तांबं मिळालं तरी पुष्कळ. त्यामुळे डोंगरच्या डोंगर फोडायचे, दळायचे, त्यासाठी पाणी, वीज, रेल्वे, बंदर आणायचं. अब्जावधी डॉलर आधी ओतायचे आणि पहिला पैसा हाती यायला दशक उलटायचं.

भावाचा परिणाम तर आरशासारखा दिसतो. २०१५ च्या डिसेंबरात सोनं औंसाला (म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमला) १,०५० डॉलरपर्यंत उतरलं होतं आणि लगेच पुढच्या वर्षी शोधाचं बजेट तळाला गेलं. २०२५ मध्ये लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफांकडे तोळ्याचा भाव लाखावर गेला, ऑक्टोबरात आंतरराष्ट्रीय भावाने ४,००० डॉलर ओलांडले. त्याच वर्षी सोन्याचं शोध-बजेट वाढलं आणि बाकीच्यांचं मिळून आटलं. लग्नसराईतली आपली खरेदी आणि कॅनडाच्या जंगलातली ड्रिलिंगची मशीन यांचा संबंध आहे, तो असा.

लिथियमने हेच नाटक वेगात करून दाखवलं. २०२२ च्या अखेरीस त्याचा भाव गगनाला भिडला आणि कंपन्या तुटून पडल्या. २०२४ पर्यंत शोधाच्या खर्चात लिथियम निकेलला मागे टाकून तिसऱ्या क्रमांकावर पोचलं. तोवर भाव ८० टक्क्यांहून जास्त कोसळला होता. बजेटं वर्षभर आधी ठरलेली असतात, म्हणून ती उशिरा खाली आली, पण आली.

आणि उरलेला पैसा? ओळखीच्याच गल्लीत

दुसरा बदल बातम्यांत येत नाही, पण मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. शोध तीन ठिकाणी करता येतो: अगदी कोऱ्या भागात, आधी सापडलेल्या पण न काढलेल्या साठ्यावर, किंवा चालू खाणीच्या आजूबाजूला. १९९० च्या दशकाच्या मध्याला जवळपास निम्मा पैसा कोऱ्या भागात जायचा. अलीकडे तो चौथ्या हिश्श्याच्याही खाली आहे. आता पैसा खाणीच्या कुंपणाजवळच घुटमळतो.

कंपनीच्या नजरेने पाहिलं तर हे शहाणपणाचंच आहे. शेजारच्या विहिरीला पाणी आहे म्हटल्यावर बोअर तिच्या जवळ घ्यायची, इतका साधा हिशेब. पण सगळ्यांनीच असं केलं तर नवा झरा कोण शोधणार? तांब्यात परिणाम दिसतोच आहे. १९९० ते २०२३ या काळात एस अँड पीने तांब्याचे २३९ मोठे साठे मोजले. त्यांतले शेवटच्या दहा वर्षांत सापडलेले फक्त १४.

कोऱ्या भागात चिकाटी धरली तर काय होतं, त्यासाठी मंगोलियाचं उदाहरण घ्या. गोबी वाळवंटात ओयू तोल्गोई नावाची जागा आहे. बीएचपी या बलाढ्य कंपनीने तिथे नव्वदच्या दशकात काही उथळ बोअर घेतल्या आणि नाद सोडला. मग आयव्हनहो नावाच्या छोट्या कंपनीने ती जागा घेतली, पुन्हा बोअर मारत राहिली आणि २००१ मध्ये जगातल्या मोठ्या तांब्याच्या साठ्यांपैकी एक तिच्या हाती लागला. माल बाहेर पडायला २०१३ उजाडलं, आणि खोलवरच्या भुयारी खाणीतून उत्पादन सुरू झालं २०२३ मध्ये. सापडल्यापासून बावीस वर्षांनी.

ही छोट्या कंपन्यांची काय भानगड?

शोधाच्या धंद्यात त्यांना ज्युनिअर म्हणतात. त्यांच्याकडे खाण नसते, उत्पन्न नसतं. असतो एक परवाना, दोन-चार भूगर्भशास्त्रज्ञ आणि शेअर बाजारात गोळा केलेला पैसा. सापडलं तर मोठ्या कंपनीला विकून मोकळं व्हायचं. नाही सापडलं तर पुन्हा बाजारात हात पसरायचा. टोरांटो आणि ऑस्ट्रेलियाचे शेअर बाजार यांचे अड्डे. कॅनडात तर सरकारने खास सोय केली आहे: शोधावरचा खर्च कंपनीऐवजी शेअर घेणारा माणूस आपल्या उत्पन्नातून वजा करू शकतो. करही वाचतो आणि लॉटरीचं तिकीटही हातात राहतं. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया शोधाच्या खर्चात सतत आघाडीवर दिसतात, त्यात जमिनीखालच्या दगडाइतकाच या व्यवस्थेचा वाटा आहे.

“म्हणजे सट्टाच की!” असं कोणी म्हणेल. बऱ्याच अंशी हो, आणि त्यात फसवणूकही झाली आहे. ब्री-एक्स या कॅनडियन ज्युनिअरने इंडोनेशियात प्रचंड सोनं सापडल्याचं जाहीर केलं. कंपनीची किंमत बाजारात ६ अब्ज कॅनडियन डॉलरपर्यंत चढली. १९९७ मध्ये भागीदारीसाठी आलेल्या दुसऱ्या कंपनीने शेजारी बोअर घेतल्या तेव्हा कळलं की सोनं जमिनीत नव्हतंच, नमुन्यांत मिसळलेलं होतं. आणि ब्री-एक्सने कोअर अर्धा चिरून जपण्याऐवजी बहुतेक सगळाच दळून टाकला होता, म्हणजे पडताळायला काही उरलंच नव्हतं. त्या प्रकरणानंतर कॅनडाने २००१ मध्ये नियम आणला: साठ्याचा आकडा जाहीर करायचा तर पात्र तज्ज्ञाने त्यावर स्वतःची सही करून जबाबदारी घ्यायची.

भाव वाढले की शोधतीलच ना?

अर्थशास्त्राच्या पुस्तकात तसं असतं. पण आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने, साठा सापडल्यापासून खाण सुरू होईपर्यंत सरासरी १६ वर्षं जातात. आज भाव चढला म्हणून आज बोअर घेतली, तर तांबं मिळणार २०४० च्या पुढेमागे. आणि मधल्या काळात भाव एकदा जरी आपटला तरी बजेट कापलं जातं. कांद्याला भाव आला म्हणून लावलेला कांदा निदान चार महिन्यांत हातात येतो. इथे तेही सुख नाही.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा: उपग्रह आहेत, एआय आहे, बोअर कशाला? या साधनांनी पाणाड्याचं काम नक्कीच सुधारलं आहे. कोबोल्ड मेटल्स या अमेरिकी कंपनीने झांबियातल्या मिंगोम्बा इथे एआय वापरून तांब्याचा साठा नेमका कसा पसरलाय ते ओळखलं, असा गाजावाजा झाला. पण तिथे तांबं आहे हे आधीच माहीत होतं, आणि खात्री करायला त्यांनाही मशीन लावावंच लागलं. जमिनीत काय आहे हे शेवटी कोअरच सांगतो.

भंगारातून धातू परत मिळवणं हाही मार्ग आहेच आणि तो वाढायलाच हवा. पण तांब्याची वायर घरात तीस-चाळीस वर्षं राहते. आज वापरात वाढ होत असताना भंगार मात्र कालच्या वापराचंच मिळतं, त्यामुळे तेवढ्यावर भागत नाही.

मग पुण्याखाली काय आहे?

धातूंच्या बाबतीत, जवळपास काही नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून दख्खनचं पठार तयार झालं. सॉइल टेस्टिंगच्या पेटीत दिसतो तो हाच बेसॉल्ट. कोयनेजवळ भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल बोअर घेतल्या तेव्हा जवळपास किलोमीटरभर बेसॉल्ट भेदल्यावर खालचा जुना ग्रॅनाइट लागला. महाराष्ट्राच्या धातूंच्या मोठ्या खाणी मुख्यतः पूर्व विदर्भात आहेत, भंडारा-नागपूरचं मँगनीज आणि गडचिरोलीतल्या सुरजागडचं लोखंड, कारण तिथे हे लाव्हाचं पांघरूण संपतं आणि अतिप्राचीन खडक उघडे पडतात. या पांघरुणाखाली काय दडलंय ते कोणी फारसं पाहिलेलं नाही. पाहण्याचा खर्च परवडत नाही.

भारताचं घोडं कुठे अडलं?

आपल्याकडे शोधाचं काम मुख्यतः सरकारी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था १८५१ पासून आहे आणि नकाशांच्या कामात तिला तोड नाही. पण जगाच्या शोध-खर्चात भारताचा वाटा एक टक्क्याच्या आतबाहेर आहे, आणि ज्युनिअर कंपन्या तर जवळपास नाहीतच.

रियासीची हकीकत यातून समजते. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूतल्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टन लिथियम सापडल्याची बातमी आली आणि भारत लिथियमची महासत्ता झाल्याचे मथळे झळकले. प्रत्यक्षात हा आकडा लिथियम असलेल्या दगडाचा होता, शुद्ध लिथियमचा नव्हे. शिवाय तो जी-३ पातळीचा अंदाज होता: मोजक्या बोअरवरून बांधलेला. दगडही जगात सहसा लिथियम काढतात तसा नाही, चिकणमातीच्या जातीचा. सरकारने त्याचा लिलाव काढला. पुरेसे बोलीदार आले नाहीत. पुन्हा काढला, पुन्हा तेच. कंपन्यांवर टीका झाली, पण मला त्यांचं चुकलं असं वाटत नाही. ओल लागली म्हणून कोणी बागायती जमिनीचा भाव देत नाही.

सरकारला हे उमगलं आहे असं दिसतं. २०१५ पासून खाणवाले रॉयल्टीच्या २ टक्के रक्कम शोधासाठीच्या राष्ट्रीय न्यासात भरतात; २०२५ च्या दुरुस्तीने ती ३ टक्के झाली. जानेवारी २०२५ मध्ये महत्त्वाच्या खनिजांसाठी १६,३०० कोटींचं राष्ट्रीय मिशन मंजूर झालं आणि २०३०-३१ पर्यंत शोधाचे १,२०० प्रकल्प हाती घ्यायचं ठरलं. सरकारी कंपन्यांच्या काबिल या संयुक्त उपक्रमाने अर्जेंटिनात लिथियमच्या शोधासाठी पाच ब्लॉक घेतले आहेत.

सगळ्यात वेगळी गोष्ट म्हणजे शोध परवाना. २०२३ च्या कायदादुरुस्तीने खोलवरच्या २९ खनिजांसाठी खासगी कंपन्यांना नुसता शोध घेण्याचा परवाना मिळू लागला. अशा १३ ब्लॉकचा पहिला लिलाव मार्च २०२५ मध्ये गोव्यात सुरू झाला. मेख अशी की ज्याने शोधलं त्याला खाण मिळत नाही. त्या खाणीचा पुढे वेगळा लिलाव होतो आणि शोधणाऱ्याला खाणवाल्याच्या लिलाव-रकमेतला ठरलेला वाटा मिळतो. म्हणजे टोरांटोतला ज्युनिअर सापडलेली जागा विकून लगेच पैसा करतो; आपल्याकडच्याला मात्र राज्य सरकार लिलाव कधी काढतं, कोणी बोली लावतं का, आणि खाण खरंच सुरू होते का, याची वाट पाहत बसावं लागतं. इतकी वर्षं थांबायची तयारी असलेला पैसा भारतात येतो की नाही, हे या १३ ब्लॉकवर प्रत्यक्ष किती मीटर बोअर पडतात त्यावरून दिसेल.